बेवारस होड्या आणि थकलेलं भाडं

प्रश्न : नागपुरातल्या आमच्या सेलिंग क्लबमध्ये सभासदांच्या बारा होड्या तलावाकाठी उघड्यावर असतात. दोन सभासद वर्षभर फिरकले नाहीत, जागेचं भाडंही थकलंय. पावसाळ्याआधी काय करावं?

उत्तर : आधी होड्या बघा. ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची छोटी शिडाची होडी, 35 किलोची, दोघं सहज उचलतात. सरळ ठेवली आणि आत चार बोटं पाणी साचलं, की शंभर किलोहून जास्त भार टेकूवर येतो आणि तळाला तडा जातो. म्हणून दोन लाकडी वाशांवर जुन्या टायरचे तुकडे ठोकून ती पालथी ठेवा. लेझरसारख्या बंद पोकळीच्या होडीचं बूच काढून ठेवायचं; नाहीतर आपल्या मे महिन्यात आतली हवा फुगून सांधे उकलतात. ताडपत्री अंगाला चिकटू देऊ नका, खाली ओल कोंडून फायबरला फोड येतात. मृगाआधीच्या वादळासाठी होडी बांधायचा पट्टा जमिनीतल्या कड्याला हवा, शेजारच्या होडीला नव्हे.

भाडं थकवणाऱ्याची होडी परस्पर विकू नका, ती सभासदाचीच आहे. स्पीड पोस्टानं 30 दिवसांची नोटीस द्या, फोटो काढा, होडी मागच्या रांगेत हलवा. विक्रीचं कलम सही केलेल्या करारात नसेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. यंदापासून भाडं आगाऊ घ्या.