केमोथेरपी नेमकी काम कशी करते? गाठ हाताला लागेनाशी झाली तरी उरलेल्या सायकल, म्हणजे औषधाच्या ठरलेल्या फेऱ्या, घ्यायच्या का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या स्तनातली गाठ दोन सायकलनंतर हाताला लागत नाही, केस मात्र सगळे गेले आणि आता आई ‘पुरे झालं’ म्हणतेय. मी केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. सलाईन लावताना हाच प्रश्न मला बऱ्याच पेशंटनी विचारलाय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. केमोचं औषध कॅन्सर ओळखत नाही. ते पकडतं पेशीचं विभाजन. एकीच्या दोन व्हायला निघालेली पेशी त्याच्या तावडीत सापडते, आणि कॅन्सरच्या पेशी हा उद्योग थांबवतच नाहीत म्हणून जास्त सापडतात. प्रत्येक औषधाची अडवायची जागा वेगळी. सायक्लोफॉस्फामाइड डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं, मग ते उलगडत नाहीत आणि नक्कल निघत नाही. सदाफुलीतून मिळणारं विन्क्रिस्टीन आणि पॅसिफिक यू झाडाच्या सालीत सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल यांची तर गंमतच आहे. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला पेशी सूक्ष्म नळ्यांची परांची उभारते. विन्क्रिस्टीन ती बांधूच देत नाही, पॅक्लिटॅक्सेल बांधलेली सोडू देत नाही. काम दोन्हीकडे अडतंच.

आईला ‘लाल औषध’ दिलं असेल तर ते बहुधा डॉक्सोरुबिसिन. ते देताना आम्ही पुन्हा पुन्हा सिरिंज मागे ओढून शिरेतून रक्त येतंय ना ते बघतो, कारण हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस जळतं. नंतर एखादा दिवस लघवी लाल होते. आधी सांगितलं नाही, तर रक्त जातंय म्हणून घरचे घाबरतात.

आता केस. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, इथेही सतत नव्या पेशी बनत असतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं त्यांचं होतं. पण निरोगी पेशींना मोडतोड दुरुस्त करणं बरंच जमतं आणि मगजातल्या मूळ पेशी पुन्हा भरती करतात. दोन सायकलमध्ये बहुतेकदा २१ दिवसांचं अंतर असतं ते याच भरतीसाठी. पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत तळ गाठतात, मग चढतात. पुढच्या डोसआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला लावतात, त्यात आम्ही हेच बघतो.

तुमचा खरा प्रश्न मात्र ‘पुरे का नाही’ हा आहे. एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात. एका डोसने त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव मेल्या असं नुसतं हिशेबासाठी धरा. उरल्या १ कोटी. पुढच्या डोसनंतर १ लाख. डोस ठरावीक आकडा मारत नाही, ठरावीक हिस्सा मारतो. शिवाय त्या वेळी विभाजन न करणाऱ्या पेशी बऱ्याचदा निसटतात आणि मधल्या दिवसांत उरलेल्या वाढतातही. १ लाख पेशी ना बोटाला लागतात, ना स्कॅनमध्ये दिसतात. हाताला गाठ लागत नाही याचा अर्थ एवढाच, की आपल्या बोटांची मर्यादा आली.

हा धडा वैद्यकशास्त्राने फार महागात घेतला. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅस हा विषारी वायू लागलेल्यांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या होत्या. त्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात लिम्फोमाच्या (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) एका रुग्णाला शिरेतून दिलं. गाठी भराभर विरल्या आणि काही आठवड्यांत परतल्या. तो वाचला नाही. १९४८ मध्ये सिडनी फार्बर या अमेरिकन डॉक्टरांनी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन रोग मागे हटवला, पण तेही तात्पुरतंच टिकलं. वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालणारी औषधं एकत्र करून, काही दिसत नसतानाही ती ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत द्यायची, हे साठच्या दशकात जमलं आणि तेव्हाच मुलांचा ल्युकेमिया आणि हॉजकिन्स हा लिम्फोमाचा प्रकार कायमचे बरे होऊ लागले.

तेव्हा सायकल परस्पर थांबवू नका. आई कशाने वैतागलीय ते तिलाच विचारा आणि डॉक्टरांपुढे तसंच्या तसं मांडा. मळमळीची गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, एखादा आठवडा पुढेही ढकलता येतो. पेशंट बऱ्याचदा हे सांगतच नाहीत, सोसत राहतात आणि एक दिवस यायचेच बंद होतात.

आणि घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून तडक हॉस्पिटल गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं.