रॉकवाले नशेत गाणी लिहायचे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, ब्लॅक सबाथ, लेड झेपेलिन, एसी/डीसी हे रॉक बँड रात्रंदिवस ऐकतो. ग्रुपमधले सगळे म्हणतात ड्रग्ज नसते तर ही गाणी झालीच नसती. खरंय का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: नाही रे मित्रा. सबाथचंच घे. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्र्याच्या मशीनवर कामाला होता, सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली आणि गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी तीच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा चढवल्या, पुढं त्या सैल करून सूर खाली आणला, आणि त्यातनं जो जड आवाज निघाला त्यालाच आपण आज हेवी मेटल म्हणतो. ज्यांच्या घरात आजोबा-काका गिरणीत होते त्या सोलापूरकरांना यात काय जिद्द लागते ते वेगळं सांगायला नको. सबाथवाल्यांनी नशा भरपूर केली, त्यात लपवायचं काय, पण तिनं बँडला दिलं काय तर 1979 मध्ये गायक ऑझीला बाहेर काढायची वेळ आली.

एसी/डीसीचा गिटारवाला अँगस यंग तर दारूला शिवत नाही, आणि स्टेजवर त्याच्याएवढा वेडा झालेला माणूस मला दुसरा दाखव! अमेरिकेचा रॉकवाला फ्रँक झप्पा दौऱ्यावर नशा करणाऱ्याला बँडमध्ये ठेवायचा नाही. उलट 1980 या एकाच वर्षात एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट आणि झेपेलिनचा ड्रमवाला जॉन बोनम असे दोघं गेले, दोघंही दारूनं, आणि बोनम गेल्यावर झेपेलिन संपलंच. गिटारवाला जिमी हेंड्रिक्स 27 व्या वर्षी गेला तो झोपेच्या गोळ्यांनी. दारू दुकानात मिळते आणि त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, म्हणजे दोन्ही कायदेशीरच वस्तू, हे लक्षात ठेव.

प्रश्न: पण मग नशा करणाऱ्या सगळ्यांना धरून आत टाकावं असं तुमचं मत आहे का? आणि भांग चालते, गांजा चालत नाही, हा काय प्रकार आहे? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर: भांगेचं आधी सांगतो. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळं पानांची भांग राज्याच्या कायद्याखाली येते आणि आपल्याकडं तिला परवाना लागतो. गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर गेलं की व्यावसायिक, तिथं किमान दहा वर्षं कैद.

आता माझं मत. विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला सोडू नका. 2023 च्या ऑक्टोबरात आपल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचा, कारखाना पकडला गेला, असल्यांना कायद्याचा पूर्ण दणका बसलाच पाहिजे. पण जो ओढतो, त्याला व्यसन लागलंय, त्याला जेलमध्ये घालून काय मिळतं ओ? रोलिंग स्टोन्स बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स 1977 ला कॅनडातल्या टोरांटोत हेरॉइनसकट सापडला, जन्मठेपेपर्यंत जाऊ शकेल असा आरोप होता, शेवटी कोर्टानं प्रोबेशनवर सोडलं, उपचार चालू ठेवायला लावले आणि अंधांच्या संस्थेसाठी एक कार्यक्रम करायला सांगितला, तो त्यानं 1979 मध्ये केला. माणूस वाचला, पुढं कितीतरी वर्षं गिटार वाजवत राहिला. मला राग याचा येतो की ही दुसरी संधी त्याला मोठा वकील आणि मोठं नाव होतं म्हणून मिळाली, आपल्या झोपडपट्टीतल्या पोराला कोण देणार? पोर्तुगालनं 2001 पासून स्वतःपुरता थोडा माल सापडला तर तो फौजदारी गुन्हा धरायचं बंद केलं, अशा माणसाला समितीपुढं बसवतात आणि गरज असेल तर उपचाराला पाठवतात. विक्री तिथंही गुन्हाच आहे. मला ही वाट पटते, आणि आपल्याकडंही यावर मोकळेपणानं बोलायला पाहिजे.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ एमडी घ्यायला लागलाय. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल या भीतीनं घरचे गप्प आहेत. काय करू? (एक ताई, सोलापूर)

उत्तर: ताई, ही भीती मनातनं काढा. वर सांगितलेल्या एनडीपीएस कायद्यातच कलम 64अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. फक्त उपचार अर्धवट सोडायचे नाहीत, नाहीतर हे संरक्षण जाऊ शकतं. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या, आणि जायच्या आधी बोलायचं असेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. भावाला शिव्या देऊ नका, खोलीत कोंडू नका. आणि त्याची गाणी तेवढी बंद करू नका, सगळं सुटत असताना एक आवडीची गोष्ट हातात राहिलेली बरी.