सूचनापेटी रिकामी का राहते: माझा अनुभव

ताई, वडिलांचा कारखाना हाती घेतल्यावर टोयोटाबद्दल वाचून तुम्ही सूचनापेटी बसवली आणि तीन महिन्यांनी उघडली तर आत फक्त गुटख्याची पुडी, हे वाचून आधी हसलो, मग हसू मावळलं. माझ्या पेटीत अशा दोन पुड्या निघाल्या होत्या.

५एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), कायझेन (रोज थोडी थोडी सुधारणा) तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आमचं भोसरीत छोटं प्रेस शॉप, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून-कापून भाग काढायचं काम, ३८ माणसं. एमबीए वगैरे नाही, तेव्हा पटेल तेवढंच घ्या.

मी पेटीवर थांबलो नाही. प्रत्येक प्रेसवर लाल दिवा आणि बटण बसवलं. शंका आली की दाबा, मशीन थांबवा. आठव्या दिवशी एकाने दाबलं. पंच (पत्रा कापणारं हत्यार) झिजलाय, कडेला बर (कापल्यावर उरणारी धारदार किनार) येतेय म्हणाला. गाडी गेटवर उभी होती. मी केबिनमधून बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "डिस्पॅच चुकला तर तू भरून देणार का?" तो काही बोलला नाही. बोटाने पीसची कड एकदा चाचपली आणि पुन्हा प्रेस चालू केला.

त्यानंतर चार महिने दिवा लागला नाही. मी खूश, शिस्त आली म्हणून! पाचव्या महिन्यात गिऱ्हाइकाकडून ४,२०० पीस परत, वर डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद. त्यांच्याच गोदामात बसून आमची सहा पोरं तीन दिवस एकेक पीस निवडत होती. बर कधीपासून येतेय हे त्या पाळीच्या हेल्परलाही ठाऊक होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

टोयोटाकडे अडचण दिसली की कामगार लाइनवरची दोरी ओढतो, पण लाइन लगेच थांबत नाही. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे खरी किंमत त्या धावत येणाऱ्या माणसाची. मी दिवा विकत घेतला, माणूस नेमलाच नाही. आणि "आपले कामगारच तसले" हे कृपया म्हणू नका. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला तेव्हा माणसं बहुतेक जुनीच घेतली होती, युनियनही तीच. तरी गाड्या जपानच्या तोडीच्या निघू लागल्या.

मी नंतर काय केलं? त्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती. जड गेलं. तरी पुढचा दिवा लागायला सात आठवडे गेले. आता दिवा लागला की सुपरवायझरने दोन मिनिटांत पोचायचं आणि पहिला प्रश्न "काय दिसलं?" हाच. "कुणी केलं?" विचारलं की त्या दिवशीचा चहा सुपरवायझरच्या खिशातून. (मीही दोनदा पाजलाय.)

सल्लागाराबद्दल विचारलंय. सगळे वाईट नसतात, पण आमच्याकडे आलेल्याने दीड लाखात लॅमिनेशन केलेले अठरा तक्ते आणि पिवळे पट्टे दिले. सहा महिन्यांत एकदाही पाळी बदलताना शॉपवर थांबला नाही. तुमचा थांबायला तयार आहे का, तेवढं आधी विचारा. आणि ते "आपण सगळे एक कुटुंब" असं भिंतीवर रंगवायला सांगतात ना, त्याच पैशात ओव्हरटाइम वेळेवर द्या.

तुमचा माल वेगळा असेल, कॉन्ट्रॅक्टची माणसं जास्त असतील तर वेळ आणखी लागेल. पेटी मात्र उद्याच काढा. पाळी सुटताना दहा मिनिटं स्वतः गेटपाशी उभ्या राहा, वही घेऊन. पहिले चार-पाच दिवस कुणी बोलणार नाही. आमच्याकडे पहिली तक्रार आली ती संडासाच्या कडीची. ती त्याच संध्याकाळी बसवली, आणि दुसऱ्या दिवशी एकाने डायच्या (प्रेसमधल्या साच्याच्या) स्प्रिंगचं सांगितलं.