व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यावर पुन्हा नशा घेतली, मग उपयोग काय झाला?

"मॅडम, इतके महिने केंद्रात राहून आला. वजन वाढलं, बोलायला लागला. आणि आता परत तेच. मग उपयोग काय झाला?" एका मुलाच्या आईचा, त्या ताईंचा, हा प्रश्न मला बहुतेक घरांतून कधी ना कधी येतोच. म्हणून ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिते आहे.

मुलगा विशीतला, व्यसन हेरॉइनचं. घरी आल्यावर काही आठवडे बरे गेले, मग एका रात्री घसरला. वडिलांनी घराबाहेर काढायची भाषा सुरू केली, आईने नातेवाइकांपासून लपवायची.

मला मात्र काळजी वेगळीच होती. नशा बंद असते त्या काळात शरीराची सहनशक्ती उतरते. मन जुना डोस विसरलेलं नसतं. पूर्वी जेवढी घेऊन तो चालता-बोलता असायचा, तेवढीच आता श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. अशा वेळी त्याला एकटं पाडलं, तर तो दार लावून घेईल, आणि बंद दाराआड मदतीला कुणी नसेल.

हे मी वडिलांना दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी ऐकलंच नाही.

ओव्हरडोसची लक्षणंही सांगितली: हाक मारून, हलवूनही जाग न येणं, श्वास अगदी मंद, ओठ निळसर, घशातून घरघर. "घोरतोय, झोपू दे" असं म्हणून माणसं गमावलेली कुटुंबं आहेत. लगेच रुग्णवाहिका बोलवायची, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. नॅलॉक्सोन हे औषध वेळेत मिळालं तर ओपिऑइडचा, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थांचा, परिणाम उलटवतं.

"आमच्याच घरात का?" ताईंनी विचारलं. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी ४० लाख लोकांना अमली पदार्थांमुळे झालेला विकार होता आणि त्यांतल्या ११ जणांमागे जेमतेम एकाला उपचार मिळत होते. तुमचा मुलगा त्या एकात आहे, असं मी म्हणाले. त्या पहिल्यांदाच रडल्या.

मुलाला आत बोलावलं. "कुठे, कुणाबरोबर, त्याआधी काय झालं होतं?" एवढंच विचारलं. नोकरीचा नकार, जुन्या मित्राचा फोन, रात्रभर झोप नाही. घसरण एकाएकी नव्हती, दोन-तीन दिवस आधीपासून सुरू होती. तो फोन नंबर त्याने माझ्यासमोर काढून टाकला. मनोविकारतज्ज्ञांनी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध सुरू केलं, तेही एक ओपिऑइडच. "एक नशा सोडवून दुसरी लावताय," हा वडिलांचा आक्षेप मी बऱ्याच वडिलांकडून ऐकते. नेमून दिलेल्या मात्रेत हे औषध तलफ आवरतं आणि मृत्यूचा धोका कमी करतं. ते मध्येच मनाने बंद करणं जास्त घातक.

पुढे एकदा तो ठरलेल्या दिवशी आला नाही. ताईंनी न लपवता त्याच संध्याकाळी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी वडील त्याला घेऊन आले.