गेट आधी की तोल?

प्रश्न: मुलगी १० वर्षांची आहे. डेन्व्हरजवळच्या क्लबात स्की रेसिंग शिकते. प्रशिक्षक गेट (रेसची वाट दाखवायला उतारावर रोवलेले खांब) क्वचितच लावतात, बाकी नुसते व्यायाम. ती मागे पडणार नाही ना?

उत्तर: नाही, प्रशिक्षकांचं बरोबर आहे. गेटमध्ये मुलांचं सगळं लक्ष पुढच्या खांबाकडे असतं, त्यामुळे आहे ती चूकच अंगवळणी पडते. या वयात मुख्य कौशल्य एकच: वळणात बाहेरच्या स्कीवर भार. उजवीकडे वळताना डावी. सोप्या उतारावर तिला वळणभर आतल्या स्कीचं मागचं टोक उचलायला सांगा, पुढचं टोक बर्फावरच. स्की लगेच खाली आली, तर ती आत डोंगराकडे कलते आहे. कडक बर्फावर अशा वेळी बाहेरच्या स्कीच्या कडेची बर्फावरची पकड सुटते.

बूटही जरूर तपासा. फार कडक बुटात घोटा वाकत नाही, वजन टाचांवर जातं. मग ‘पुढे झुक’ म्हणून कितीही ओरडा! लायनर (बुटातला मऊ आतला भाग) काढून रिकाम्या बुटात पाय घालून बोटं पुढे टेकवली की टाचेमागे साधारण दोन सेंटीमीटरच जागा हवी. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून मोठे बूट घेऊ नका.

तोल जमला की आधी ठेंगणे खांब, उंच गेट नंतर.