स्वस्त पावडर नंतर बघा, आधी दुप्पट पडली तर दिसेल का ते बघा

घरी गोळ्या भरायला कुठली पावडर (म्हणजे बंदुकीची दारू) घ्यावी, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझं ओहायोतलं जुनं गॅरेज डोळ्यांसमोर आलं. तुमच्याकडे नवाकोरा प्रोग्रेसिव्ह प्रेस (हँडलच्या एकाच ओढीत बऱ्याच गोळ्यांवर पुढचं पुढचं काम करणारं यंत्र), ९ एमएम आणि .४५ एसीपी अशी दोन पिस्तुलं, आणि दुकानदार सांगतोय, "ही पावडर घ्या, इतकी कमी लागते की पौंडाचा डबा संपता संपत नाही." मलाही काउंटरवर हेच ऐकवलं होतं, तेही असं की जणू माझ्यावर उपकारच. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल.

केस (गोळीचं पितळी टरफल) धुणं, साइझिंग (ते पुन्हा मापात दाबणं), प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) बसवणं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी त्या स्वस्ताईचा हिशोब. पौंडात ७,००० ग्रेन. गोळीला चार ग्रेन लागणारी पावडर आणि सहा ग्रेन लागणारी पावडर यांत, पौंडाला ४० डॉलर धरले तरी, फरक पडतो गोळीमागे जेमतेम एका सेंटचा. तेवढ्यासाठी मी काय गमावलं ते ऐका.

चार ग्रेन म्हणजे किती? जुना तोळा १८० ग्रेनचा, त्या मापाने दोन गुंजांच्या जरा वर. एवढी पावडर .४५च्या केसमध्ये पडली की तळाला चिकटून बसते. दुप्पट पडली तरी अर्ध्या केसच्या खालीच. वरून नुसती नजर टाकणाऱ्याला काही वेगळं वाटत नाही.

शनिवारची रात्र होती, तिकडे साताऱ्यात रविवारची सकाळ. आईचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या प्रेसची प्लेट (केस धरणारी तबकडी) हाताने फिरवायची, आपोआप फिरत नाही; फिरवली नाही तर त्याच केसमध्ये पुन्हा पावडर पडते. हँडल ओढलं होतं, पावडर पडली होती, आणि मी फोन उचलला. "काय करतोयस?" "दारू भरतोय." यावर दहा मिनिटं बोलणी खाल्ली, मग बंदुकीची दारू आणि ती दारू यातला फरक समजावण्यात आणखी दहा. परत आलो तर प्लेट फिरवली होती की नाही, आठवेना. फिरवली असणार, असं म्हटलं आणि पुन्हा हँडल ओढलं.

ते "असणार" हीच माझी चूक. बाकी सगळं त्यातून आलं.

तीन आठवड्यांनी रेंजवर एक बार वेगळाच वाजला. मॅगझिन पायाशी येऊन पडलं, मुठीच्या दोन्ही लाकडी पट्ट्या तडकल्या, हात मनगटापर्यंत बधिर. सेफ्टी चष्म्यावर बारीक काळे ठिपके उडाले होते. तो नसता तर आज हे टाइप करत नसतो. केस फाटली होती ती बुडाजवळ, चेंबरचा (बॅरलमध्ये गोळी बसते त्या खोबणीचा) आधार नसतो नेमक्या त्या जागी. .४५ एसीपीच्या दाबाची ठरलेली कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (दाबाचं एकक), त्या दिवशी आत किती झालं देव जाणे. पावडरीचा यात काही दोष नव्हता, ती चांगलीच आहे. म्हणून नाव घेत नाही.

पिस्तूल कंपनीच्या सर्व्हिस विभागाला पाठवलं. सहा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर: घरी भरलेल्या गोळ्या, वॉरंटी रद्द. अट छापलेली होती, मान्य. पण फ्रेमला चीर गेली आहे का, एवढं तरी सांगा, म्हणून तीनदा फोन केला. "आम्ही सांगू शकत नाही." अरे, मग सहा आठवडे पिस्तूल ठेवून घेतलं ते कशाला? शेवटी गावातल्या गनस्मिथने बॅरल आणि फ्रेम तपासून दिली.

त्या बॅचच्या ३४० गोळ्या उरल्या होत्या. कुणी म्हणेल, वजन करून वेगळी काढायची. नाही जमत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केस आणि बुलेट (केसच्या तोंडात बसणारा, उडून जाणारा भाग) यांच्या वजनातच चार ग्रेनपेक्षा जास्त फरक निघू शकतो. हातोड्यासारख्या पुलरने (बुलेट उपसायचं साधन) एकेक फोडत बसलो, चार संध्याकाळी. सगळ्या ठीक निघाल्या.

आता माझं मत, पटलं तर घ्या. नवशिक्याने फुगीर पावडर, म्हणजे तेवढ्याच वजनात जास्त जागा व्यापणारी, घ्यावी. प्रायमर नसलेल्या रिकाम्या केसमध्ये मॅन्युअलमधलं तुमचं माप एकदा ओता आणि बघा. मग त्यावर दुसरं ओता. शीग लागून बाहेर सांडलं तर ती पावडर तुमची. ९ एमएमची केस छोटी, त्यात युनिकसारखी चकत्यांची पावडर दुप्पट मावत नाही. काजळी फार धरते आणि मेझरमधून (पावडर मापून पाडणाऱ्या भागातून) सारखी पडत नाही, ही तक्रार खरी आहे. एचपी-३८ पडते सुंदर (विंचेस्टर २३१ म्हणजे तीच, लेबल वेगळं), पण तेवढी फुगीर नाही. .४५ आणि .३८ स्पेशलच्या केस मोठ्या, तिथे युनिकसुद्धा दुप्पट मावते. तिथे दिवा लावून प्रत्येक केसमध्ये डोकवायचं, दुसरा इलाज नाही. पण ९ एमएम सोपी असंही समजू नका. छोट्या केसमध्ये बुलेट जराशी जास्त खोल बसली की दाब झपाट्याने वाढतो.

मध्येच उठावं लागलं, तर प्लेटवरच्या सगळ्या केस ओतून पहिल्यापासून. फोन दुसऱ्या खोलीत. बाकावर एकच डबा. रात्री हॉपर (प्रेसवरचं पावडरीचं भांडं) रिकामा करायचा, कारण नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर प्लास्टिक खाते, आणि सकाळी आत कुठली आहे याची पैज लावावी लागते. डिजिटल काट्यावर पंख्याचा वारा नको.

मी वकील नाही, तज्ज्ञही नाही. ग्रेनचे आकडे माझ्याकडून किंवा इथल्या कुणाकडून घेऊ नका, पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्या आणि सुरुवातीच्या मापापासून चढा. तुम्ही एच-१बीवर असाल तर पावडर राहू द्या, आधी वकील गाठा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक आणि गोळ्या बाळगणंच फेडरल कायद्यात बसत नाही. आणि भारतातून वाचणाऱ्यांनी हे करून बघू नये, परवान्याशिवाय गोळ्या बनवणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

तुमच्या प्रेसची प्लेट आपोआप फिरते की हाताने, ते पोस्टमध्ये नाही. ते लिहा, आणि पावडर-चेक डायसाठी (केसमध्ये पावडर कमी-जास्त पडली तर दाखवणारा भाग) प्रेसवर एक स्टेशन, म्हणजे जागा, मोकळं आहे का तेही.