बटण कुठे आहे ते कळलं, पण दाबायचं कधी? थंडीतल्या गाडीची प्रश्नोत्तरे

थंडी पडायला लागली की येणाऱ्या पत्रांमधली बरीचशी गाडीतल्या ऊबेबद्दल असतात. खरी काळजी मात्र दुसरीकडे हवी. थंडीत आधी समोरचं दिसलं पाहिजे, मग टायरला पकड मिळाली पाहिजे, ऊब त्यानंतर. या तिन्हींसाठी गाडीत सोयी असतात, पण पुस्तिकेत फक्त बटणाची जागा आणि नाव सापडतं. दाबल्यावर आत काय होतं आणि ते केव्हा दाबायचं, हे शोरूममध्येही कुणी सांगत नाही. म्हणून या वेळी सगळी जागा याच प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : आम्ही चौघं पहाटे पुण्याहून महाबळेश्वरला निघालो. पसरणी घाटात समोरची काच आतून पांढरी झाली. हीटर पूर्ण सोडला तरी जाईना, फडक्याने पुसलं की दोन मिनिटांत परत. मित्र म्हणाला, एसी लाव. थंडीत एसी लावायचा का? (पुणे)

हो, लावायचा, आणि हीटरसोबत लावायचा. तुमच्या मित्राचं बरोबर होतं.

चार माणसांच्या श्वासातून सतत बाष्प बाहेर पडतं. ओले बूट, ओलं जर्किन, पायाखालची दमट मॅट यांची त्यात भर. बाहेरच्या थंडीने काच गार झालेली असते, म्हणून आतल्या हवेतलं पाणी तिच्यावर जमतं. नुसता हीटर लावला तर हवा गरम होते, पण पाणी गाडीतच राहतं. एसी त्या हवेतलं पाणी काढून घेतो. एसी चालू असताना गाडीखाली जे पाणी ठिबकतं, ते हेच. म्हणजे एसीने हवा कोरडी करायची, हीटरने ती गरम करायची आणि काचेवर सोडायची. दोन्ही एकत्र चालवण्यात गाडीचं काहीच नुकसान नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण असण्याची दाट शक्यता आहे. पुण्यात धूळ आणि धूर आत येऊ नये म्हणून बहुतेक जण रिसर्क्युलेशनचं बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं, कायम दाबलेलंच ठेवतात. मग तीच ओलसर हवा आत फिरत राहते. घाटात शिरण्याआधी ते बंद करून बाहेरची हवा आत घ्या.

समोरच्या काचेसाठी वेगळं बटण असतं. पंख्यासारखी वर रुंद होत गेलेली आकृती आणि तिच्यातून वर जाणारे नागमोडी बाण, हे त्याचं चिन्ह. चौकोनातले बाण मागच्या काचेचे. ही दोन चिन्हं लोक सतत उलटी लक्षात ठेवतात. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या बऱ्याच गाड्यांत पुढचं बटण दाबलं की झोत काचेवर वळतो, पंखा वाढतो, एसी सुरू होतो आणि रिसर्क्युलेशन बंद होतं. साध्या नॉबच्या गाडीत यातलं प्रत्येक काम आपल्यालाच करावं लागतं. तुमच्या गाडीत काय होतं, ते घरासमोर उभ्या गाडीत एकदा करून बघा. घाटातल्या वळणावर शोधत बसू नका.

आता पावसाळ्याबद्दल थोडं, कारण तिथे हाच उपाय उलटतो. जुलैत कोकणात उतरताना एसी जोरात असेल आणि त्याचा झोत काचेवर असेल, तर काच गार होते आणि बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प तिच्या बाहेरच्या बाजूला जमतं. ओळखायचं कसं? आतून काचेवर बोट फिरवा. रेघ उमटली तर बाष्प आतून आहे. नाही उमटली तर ते बाहेर आहे, म्हणून वायपर मारा, झोत काचेवरून काढा आणि एसीचं तापमान थोडं वाढवा.

आणि काच आतूनही धुवा. प्लॅस्टिकमधून उडणाऱ्या द्रव्यांचा पातळ तेलकट थर तिच्यावर बसतो, त्याने दिसणं आणखी बिघडतं. आपण बाहेरची काच रोज पुसतो, आतली मात्र राहून जाते.

प्रश्न : सकाळी गाडी सुरू केली की थर्मामीटरसारखा निळा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने जातो. काही बिघाड आहे का? (नाशिक)

नाही. इंजिनमधलं कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव, अजून थंड आहे, एवढंच तो सांगतो. दिवा जाईपर्यंत गाडी हळुवार चालवा, ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका आणि हीटरकडून गरम हवेची अपेक्षा ठेवू नका. उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन तापवायची गरज नाही, चालत्या गाडीत ते लवकर तापतं. तोच दिवा लाल झाला तर मात्र इंजिन जास्त तापलं आहे. लगेच बाजूला घ्या.

प्रश्न : डिसेंबरअखेर डिझेल एसयूव्हीने मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलला जायचं आहे. कुणी म्हणतं चावी फिरवून थांबायचं, कुणी म्हणतं टाकीत रॉकेल घालायचं, कुणी म्हणतं रात्रभर इंजिन चालू ठेवायचं. नक्की काय करायचं? (कोल्हापूर)

तीनपैकी पहिलंच करायचं.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह लागतं. आत ग्लो प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला मदत करणाऱ्या छोट्या कांड्या, तापत असल्याची ती खूण आहे. ते विझलं की मगच सेल्फ मारायची. कोल्हापुरात ते लागल्यासरशी विझतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कडक थंडीत ते काही सेकंद राहतं. बटण-स्टार्टच्या गाड्या साधारणपणे स्वतःच थांबून मग इंजिन फिरवतात. बटण दाबूनही क्षणभर काही झालं नाही तर घाबरून पुन्हा पुन्हा दाबू नका.

रॉकेल नको. आजच्या डिझेल इंजिनाचा उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेलने ते झिजतात आणि तो खर्च मोठा असतो. डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं ते इंधन उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. तुम्ही मैदानातल्या डिझेलने टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका. शक्य तितकं इंधन डोंगरातल्याच पंपावर भरा आणि तिथे हिवाळी डिझेल आहे का, हे विचारून घ्या.

रात्रभर इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं जिवावर बेततं. बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बंद झालं की धूर गाडीत शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात शेकडो गाड्या अडकल्या आणि २० हून जास्त माणसं गेली. त्यातले अनेक जण बंद काचांच्या गाडीतच सापडले. कधी अडकलातच, तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा थोडा वेळच लावा आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा.

हे कुणी विचारत नाही, पण निघण्याआधी कूलंट तपासून घ्याच. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलं जातं आणि महाराष्ट्रात ते खपून जातं. लाहौलच्या रात्री ते पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर फुटतो, इंजिनलाही तडा जाऊ शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं असेल तर मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. गॅरेजमध्ये साध्या तपासणी-यंत्राने हे दोन मिनिटांत कळतं. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा. मुक्कामी हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला असेल तर गोठून अडकतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.

प्रश्न : एडमंटनला येऊन तीन महिने झाले. जुनी गाडी घेतली आहे, तिच्या पुढच्या जाळीतून विजेचा प्लग लोंबतोय. गाडी तर पेट्रोलची आहे. विकणाऱ्याने काही सांगितलं नाही. (एडमंटन, कॅनडा)

तो ब्लॉक हीटर आहे, आणि तुमच्या गावात तो सगळ्यात उपयोगी भाग आहे. चहाचं पाणी तापवायच्या रॉडसारखा एक छोटा हीटर इंजिनच्या कूलंटमध्ये बसवलेला असतो. उणे २० च्या खाली इंजिन ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकद नेमकी त्याच वेळी निम्म्याच्या आसपास उतरते. आधी इंजिन थोडं कोमट केलं की सेल्फवरचा ताण कमी होतो, झीज कमी होते आणि हीटरची गरम हवाही लवकर येते. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खांबांवर जे सॉकेट दिसतात, ते याचसाठी.

रात्रभर लावून ठेवायची गरज नाही. निघण्याआधी तीनेक तास पुरतात, म्हणून टायमर लावा. हा हीटर साधारण ४०० ते १००० वॅटचा असतो, रात्रभर चालला तर बिल उगाच वाढतं. वायर बाहेरच्या थंडीसाठी बनवलेली, तीन पिनांचीच घ्या. घरातली साधी वायर उणे ३० ला कडक होऊन तडकते. गाडी जुनी आहे म्हणून आधी तो चालतोय का ते बघा. प्लग लावून इंजिनजवळ कान द्या, बहुतेक वेळा बारीक सूं-सूं आवाज ऐकू येतो. आवाज नसेल तर मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि सकाळी निघताना प्लग काढायची आठवण राहील अशी वायर ठेवा. आरशावर टाकली तरी चालेल.

ब्लॉक हीटर बॅटरी तापवत नाही, हे लक्षात असू द्या. बॅटरी घेताना तिच्यावरचा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) आकडा बघा. उणे १८ अंशांत ती ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, ते त्यात कळतं. भारतात हा आकडा क्वचितच कुणी विचारतं, तुमच्याकडे मात्र खरेदी त्यावरच ठरवायची.

प्रश्न : टोरांटोत इलेक्ट्रिक गाडी घेतली. सकाळी बॅटरीच्या आकड्याशेजारी बर्फाचं चिन्ह येतं, आणि पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. आधीच्या पेट्रोल गाडीतही असंच चिन्ह यायचं, म्हणून दुर्लक्ष केलं. (टोरांटो, कॅनडा)

दुर्लक्ष करू नका. दोन्ही चिन्हं दिसायला सारखी आहेत, अर्थ पूर्ण वेगळे आहेत. पेट्रोल गाडीत तापमानाच्या आकड्याशेजारी येणारं चिन्ह बाहेर ३-४ अंश आल्यावर लागतं आणि रस्त्यावर बर्फ असू शकतो असं सांगतं. शून्याच्या वर असूनही ते लागतं, कारण पुलांवर आणि सावलीत रस्ता हवेपेक्षा गार असतो. गिअरजवळच्या मोडवर तेच चिन्ह असेल तर तो स्नो मोड, त्यात ॲक्सिलरेटर मवाळ होतो म्हणजे चाकं जागच्या जागी फिरत नाहीत. आणि भारतातल्या कितीतरी गाड्यांत तेच चिन्ह एसीच्या बटणावर असतं. एकाच चिन्हाला इतके अर्थ देणं हा गाडी बनवणाऱ्यांचा दोष आहे, चालवणाऱ्याचा नाही.

तुमच्या इलेक्ट्रिक गाडीतलं चिन्ह म्हणतं की बॅटरी थंड आहे. थंड लिथियम बॅटरीत जोराने चार्ज ढकलला तर लिथियम आत धातूच्या रूपात साचतं आणि ती कायमची अशक्त होते. म्हणून गाडी चार्जिंग आवरते. पाय उचलल्यावर जे ब्रेकिंग होतं, तेही चार्जिंगच आहे, म्हणून तेही आवरलं जातं. तुमच्या पायाला मात्र नेहमीची सवय आहे आणि पुढची गाडी अपेक्षेपेक्षा लवकर जवळ येते. म्हणून सकाळी पहिले काही किलोमीटर पाय ब्रेकजवळ असू द्या आणि अंतर वाढवा. काही गाड्यांत अशा वेळी खरे ब्रेक आपोआप लावून ही तूट भरून काढण्याची सोय सेटिंगमध्ये असते. असेल तर सुरू करा.

गाडी चार्जरला लावलेली असतानाच निघण्याची वेळ भरून ठेवा. मग बॅटरी आणि केबिन घरच्या विजेवर तापतात, रेंज वाया जात नाही. वाटेत फास्ट चार्जरला जाणार असाल तर तो गाडीच्याच नॅव्हिगेशनमध्ये टाका, फोनच्या नकाशात नको. गाडीला ठिकाण कळलं की ती वाटेतच बॅटरी तापवते. नाहीतर थंड बॅटरी घेऊन पोचाल आणि फास्ट चार्जरवरही ताटकळाल. सीट आणि स्टिअरिंगचे हीटर लावायला कचरू नका. सीटला शंभरेक वॅट लागतात, अख्खी केबिन तापवायला काही हजार.

प्रश्न : स्टुटगार्टमध्ये वापरलेली गाडी घेतोय. टायरवर एम प्लस एस लिहिलंय, विक्रेता म्हणतो हिवाळ्याला चालतं. (स्टुटगार्ट, जर्मनी)

आता चालत नाही. ती अक्षरं (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) कंपनी स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची कोणतीही चाचणी बंधनकारक नव्हती. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. ते बर्फावरच्या चाचणीत उतरल्यावरच मिळतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाच्या, निसरड्या रस्त्यावर याच चिन्हाचे टायर लागतात, मग ते हिवाळी असोत की ऑल-सीझन. खाचांची खोली किमान ४ मिलिमीटर असावी. २ युरोच्या नाण्याची चंदेरी कड खाचेत धरली की अंदाज येतो. ती दिसेनाशी होत नसेल तर किमतीतून नव्या टायरचे पैसे कमी करून मागा.

थंडीत टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला तर पंक्चरच असेल असं नाही. साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय हवा उतरते. गाडी रात्रभर उभी असताना, टायर गार असतानाच हवा मोजा आणि भरा. चालवून गरम झालेल्या टायरचा आकडा फसवा असतो.

प्रश्न : गाडीत आरसे गरम होण्याची सोय आहे असं यादीत लिहिलंय, पण बटण सापडत नाही. (शिमल्याला बदली झालेले एक वाचक)

बऱ्याच गाड्यांत त्यासाठी वेगळं बटण नसतंच. मागच्या काचेचं, चौकोनातल्या बाणांचं बटण दाबलं की आरसेही तापतात. ते दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतं, म्हणून काच साफ झाली नसेल तर पुन्हा दाबा. मागच्या काचेवरच्या तांबूस रेघा म्हणजे तापणाऱ्या तारा. आतून स्टिकर खरवडताना किंवा सामान घासून त्यातली एक तुटली की तेवढी पट्टी धुरकट राहते. काच पुसायची तर रेघांच्या दिशेनेच, मऊ फडक्याने.